खजिनदाराचं दुपारचं जेवण

"सगळ्या किल्ल्या ह्याच जुडग्यात ना?" धाकट्या सरकारांच्या मेहुण्यानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं जुडगा शेरवानीच्या खिशात टाकला. मला बसासुद्धा म्हटलं नाही. तिथं माझी जहागिरीची खजिनदारी संपली.

निजामाच्या राज्यात जहागिरी होत्या, हे आजच्या वाचकांनी ऐकलं असेल. जहागीर म्हणजे काही गावं. त्यांचा सारा राज्याच्या तिजोरीत न जाता जहागीरदाराकडं जायचा. आमची जहागीर कळंब तालुक्यात होती. खजिनदार म्हणजे नुसता किल्ल्या सांभाळणारा नव्हे. वसूल किती येईल, पगार कशातून भागतील, मालकाला नव्या मोटारीची लहर आली तर नाही कोण म्हणणार, हे सगळं त्याच्याच डोक्यावर. थोरल्या सरकारांना माझं 'नाही' ऐकायची सवय होती. ते वारले. धाकट्यांना तसली सवय लावून घ्यायची नव्हती, म्हणून त्यांनी हैदराबादेहून मेहुणा आणला आणि मला शेला देऊन मोकळं केलं.

माझ्या आधी एक वृद्ध काझीसाहेब खजिनदार होते. त्यांच्या हाताखाली मी तयार झालो. त्यांनी मला एक नियम घालून दिला होता. "जिसका नमक खाया, उसको ना कैसे बोलेगा?" खजिनदारानं कुणाच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये. मी तो नियम नोकरीभर पाळला. लग्नाला गेलो नाही, बारशाला गेलो नाही, दिवाळीचा फराळ आला तसा परत पाठवला. बायको असेपर्यंत ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली, मुलगी सोलापुरात सासरी गेली, आणि घरात बोलणारं कुणी उरलं नाही. पण कचेरी होती, त्यामुळं ते जाणवलं नाही.

कचेरी सुटल्यावर जाणवलं. चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला गेलो, तर पूर्वी लांबून वाकणारी माणसं शेजारून निघून गेली. गरज सरो, वैद्य मरो. मला राग आला नाही. ते मला वाकतच नव्हते, किल्ल्यांना वाकत होते. पण त्या गर्दीत मला एकही माणूस नावानं हाक मारण्याजोगा सापडला नाही, याचं वाईट वाटलं.

पन्नाशीच्या आतला, अनुभवी, हात स्वच्छ असलेला खजिनदार. याला काम मिळायला काय अडचण, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आधी शेजारच्या जहागिरीतून बोलावणं आलं. पगार जास्त, राहायला घर. तिथल्या दिवाणसाहेबांनी सरबत पुढं केलं. मी घेतलं नाही.

"तुमच्या धाकट्या सरकारांनी कुणाकुणाकडून कर्ज उचललंय हो?" त्यांनी सहज विचारलं.

"मला आठवत नाही."

"आठवेल, आठवेल. घाई नाही."

त्यांना खजिनदार नको होता, आमच्या घरातली बातमी हवी होती. मी उठलो. मग हैदराबादच्या एका दफ्तरात अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी माझे इमानदारीचे दाखले वाचले, मान डोलावली, आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवायचं आहे. उर्दू शाळेत गणिताच्या मास्तराची जागा होती, पण माझा आवाज ऐकूनच मुलं भ्यायली. मुनशी म्हणून दस्तऐवज लिहून द्यायलाही बसलो असतो. ते काम मात्र मलाच कमीपणाचं वाटलं.

तेवढ्यात मुरुमच्या बसप्पांचा निरोप आला. बसप्पा मोठे आडते. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, बोलणं निम्मं कानडी. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांची दुकानं आमच्या मुलखात, माल जायचा सोलापूरला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. इकडं हाली सिक्का चालायचा, तिकडं कलदार. मध्ये करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं. धंदा वाढला होता, पण कुठलं दुकान कुणाच्या जिवावर चाललंय, ते अप्पांना उमगत नव्हतं.

"एवढ्या मोठ्या जहागिरीचं बघितलेलं माणूस तुमी," अप्पा म्हणाले. "आमच्या गादीवर मन लागंल का?"

"काम असलं की लागतं."

"मग दिवाळीच्या पाडव्यापातुर बघा. तुमाला जमलं, आमाला जमलं, तर कायमचं."

मला पैशाची ददात नव्हती. सकाळी उठून जायला एक जागा हवी होती. मी खोली भाड्यानं घेतली आणि मुरुमला राहिलो.

दुकानामागंच अप्पांचं घर. गादीवर बसणाऱ्यानं दुपारी घरात जेवायचं, ही त्यांची रीत. मालक, हिशेब लिहिणारे दिवाणजी, माल मोजणारा मापारी, सगळे आत जायचे. पहिल्या दिवशी अप्पांनी विचारलं, "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का.

"झालंय," मी म्हटलं.

झालं नव्हतं. भाकरी पिशवीत होती. ती मी विहिरीजवळ बसून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात अप्पांनी विचारायचं सोडलं. मी दुकानात पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं किंवा कानडीत वळायचं. जहागिरीच्या कचेरीतही मी आलो की लोक गप्प व्हायचे, त्यामुळं काम नीट चाललंय अशी माझी समजूत झाली.

काम खरंच नीट चाललं होतं. प्रत्येक दुकान मी वेगळं मांडलं. आळूरचं दुकान इतरांना खात होतं, हे पावसाळा संपायच्या आत माझ्या लक्षात आलं. एक दिवस गादीवर सगळ्यांसमोर मी अप्पांना सांगितलं, "आळूरचं दुकान बंद करा."

दिवाणजी खाली मान घालून बसले. अप्पा उठून आत गेले.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"पाडव्यापास्नं दुसरा माणूस बगितलाय. त्याला शब्द दिलाय."

"माझं काय चुकलं?"

"हिशेबात काय न्हाय चुकलं. पण ते आळूरचं दुकान नफ्यासाठी न्हाय काढलेलं. माजी बहीण तरुणपणी रांडावली. दुसऱ्याच्या दारात तिला हात पसरावं लागू नये म्हणून ते दुकान. मापाऱ्याला म्हायती हाय, दिवाणजीला म्हायती हाय. तुमालाच न्हाय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"जेवताना बोलतोत आमी सगळं. तुमी विहिरीपाशी." ते थांबले. "तुमी बामण. आमच्या हातचं चालत नसंल. चालंना का. पण ज्याला आमचं अन्न चालत न्हाय, त्याला घरातलं कसं सांगावं?"

इतके दिवस त्यांना ते सोवळं वाटत होतं. मी काझीसाहेबांचा नियम सांगितला. ज्याचं खाल्लं त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून कुणाचंच खाल्लं नाही, हिंदूचं नाही, मुसलमानाचं नाही, नात्यातल्यांचंसुद्धा नाही.



"इतकी वर्सं?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"मग बोलत होता कुणासंगं?"

मी भाकरीची पिशवी उचलली.

"चला आत," ते म्हणाले.

त्या दिवशी मी पंगतीला बसलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. अप्पांची कारभारीण गौरव्वा वाढत होती. तिनं विचारलं, "लेकीला लेकरं किती?" हा प्रश्न मला कुणी कधी विचारला होता, ते आठवेना. नातू आहे म्हणालो आणि पुन्हा भाकरी मोडायला लागलो. इतरांच्या गप्पा रंगल्या होत्या. माझं सगळ्यांच्या आधी संपलं, आणि पंगत उठेपर्यंत रिकाम्या ताटासमोर कसं बसायचं तेही मला कळत नव्हतं. गौरव्वानं न विचारता आणखी एक भाकरी वाढली. ती मी हळूहळू खाल्ली.

अप्पांनी दिलेला शब्द फिरवला नाही. मीही तसं सुचवलं नाही. शब्दावरच त्यांचा धंदा उभा होता. पाडव्याला नवा माणूस गादीवर बसला आणि मी खोलीवर बसलो. ती दिवाळी फार वाईट गेली.

दिवाळीनंतर मुरुममधल्याच दोन पेढ्यांची बोलावणी आली. दोघांनाही पूर्णवेळ माणूस परवडत नव्हता. मी वार वाटून घेतले. पुढं उमरग्याची एक पेढीही मिळाली. हल्ली असल्या माणसाला सल्लागार म्हणतात आणि त्याचा मान असतो. तेव्हा लोकांना वाटायचं, याला कुणी धड ठेवून घेत नाही. ते काम मी पुढं पुष्कळ वर्षं केलं. दुपारी ज्याच्याकडं काम, त्याच्याकडं जेवण. आणि मीठ खाऊनही नाही म्हणता येतं. फक्त जरा सावकाश म्हणावं लागतं. रात्री मात्र खोलीवर एकटाच असायचो. तेवढं काही बदललं नाही.

मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसं कधी कधी मला विचारतात, पुढं काय करावं. शिफारसपत्रं गोळा करतोय, असंही सांगतात. माझी हैदराबादच्या दफ्तरातली शिफारसपत्रं बहुतेक वाळवीनं खाल्ली असतील. मला त्या पेढ्या मिळाल्या त्या अप्पांनी तोंडी केलेल्या शिफारशीवर. ती मला पुष्कळ उशिरा कळली. "माणूस पक्का हाय," त्यांनी निरोप धाडला होता, "पण पयलं जेवायला बसवा. उपाशी हाय लई वर्सांचा."