हातभर आत

पोलादपुरात तात्यांना वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, घालायला बोलावलं की पहिलं भांडण ठरलेलं असायचं, आणि तेही एका हातावरून. हद्दीच्या दगडाला कोपर टेकवून ते बोटांच्या टोकापर्यंतचा हात मोजायचे, तोही मालकाच्याच जागेत, आणि तिथे खुंटी ठोकायचे. "हद्दीवर वई घालायची नाय. हातभर आत घालायची," हे त्यांचं वाक्य इतकं प्रसिद्ध होतं की त्यांचं नावच हातभरतात्या पडलं. खरं नाव मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

नवीन घर बांधलेला माणूस आपल्या चार गुंठ्यांतली वीतभर जागाही सोडायला तयार नसतो. तात्या शांतपणे तंबाखू मळत त्याचं सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, "वई वाढते ना? काटा शेजाऱ्याच्या पोराला लागला तर शिव्या कोनाला? आनि दुरुस्तीला मी हुबा कुठं ऱ्हाऊ? त्याच्या अंगनात?" आमच्या ओळीतल्या पोस्टमास्तरांनी त्यांना तावातावाने घालवून दिलं, दुसऱ्या माणसाकडून वई घालून घेतली, आणि पौषात गुरांनी त्यांची वांगी फस्त केल्यावर स्वतः तात्यांच्या वाडीवर जाऊन त्यांना घेऊन आले. हातभर आत घालायच्या अटीवर.

आमची गाठ पडली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. मी शाळेत शिक्षिका, हे कचेरीत. महाबळेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आम्ही दोघांच्या पगारावर तीन खोल्या बांधल्या होत्या. भातं कापून झाली की गावातली गुरं मोकळी सुटत, आणि मी लावलेल्या भाजीवर त्यांचा आधीच डोळा होता. म्हणून तात्यांना बोलावलं. खांद्यावर कोयता, कमरेला सुतळीचं बंडल, अंगात बंडी. आल्या आल्या त्यांनी घराकडे बघितलंही नाही, शेजारच्या घराकडे बघितलं. "तिकडं कोन ऱ्हातं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

तिकडे राहायची खाला. मुलगा हमीद दुबईला, सून माहेरी महाडला, म्हातारी एकटी. तात्या आधी तिच्या दारात गेले आणि तिला बोलावून आणली. ती दगडाजवळ येऊन उभी राहिल्यावरच त्यांनी हात मोजला. "बघितलंस ना गो खाला? हातभर आत हाय." खाला हसली, म्हणाली, "तू मोजलंस म्हंजे झालं." दुसऱ्या टोकाला, पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याच्या बाजूला, हद्दीचा दगड गवतात बुडाला होता. तो त्यांनी कोयत्याने गवत सारून शोधला, हात मोजला, खुंटी ठोकली. मग सुतळी ताणली आणि उजवा डोळा गच्च मिटून डाव्या डोळ्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

हा डाव्या डोळ्याचा कार्यक्रम बघण्यासारखा असे. तोंड वाकडं, मान तिरकी, श्वास रोखलेला. आणि एकदा "सरळ हाय" म्हणाले की विषय संपला. दुसऱ्यांदा ते मोजत नसत. कोणी सांगितलंच तर चिडत. "दोनदा मोजतो त्याचा सोतावर इश्वास नसतो."

दुपारी भाकरी खाऊन ते आंब्याखाली आडवे झाले. आम्ही दोघं ओटीवर बसून त्या सुतळीकडे बघत होतो. हे म्हणाले, "तेवढ्यात अबोलीची एक रांग बसली असती." मी म्हटलं, "कोणाला कळणार आहे?" हो, हे मी म्हटलं. इतकी वर्षं मी स्वतःशी ते यांच्या तोंडी घालत आले, पण म्हटलं मीच. आम्ही उठलो, खुंट्या उपटल्या आणि पलीकडे सरकवल्या. अलीकडच्या टोकाला दगड दिसत होता, तिथे दगडालगत ठोकली. पऱ्याकडचा दगड यांना गवतात पुन्हा सापडेना, म्हणून अंदाजाने ठोकली. अंदाज माणूस नेहमी स्वतःच्या बाजूनेच करतो. जुनी भोकं मी पायाने माती लोटून बुजवली.

तात्या उठले, डावा डोळा लावून सुतळी बघितली, "सरळ हाय" म्हणाले. सरळ होतीच. मोजलं मात्र नाही. सकाळी मोजलं होतं ना. तीन दिवसांत ऐनाचे खुंट, बांबूच्या कांब्या, करवंदीच्या जाळ्या अशी सुरेख वई उभी राहिली. निरोप घेताना म्हणाले, "बाई, तुमी भांडला नाय हातावरनं. शिकलेल्या मान्साचं आसंच आसतं." मी त्यांना आणखी चहा दिला.

दोन वर्षांनी हमीद रजेवर आला. त्याला घर वाढवायचं होतं म्हणून त्याने सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराने साखळी टाकली आणि पऱ्याकडे आमची वई खालाच्या जागेत हातभर गेलेली निघाली. हमीद गुणी मुलगा. "बाई, मला भांडायचं नाय," म्हणाला, "पण तात्याला बोलावूया. त्यानेच मोजलेलं ना?" तात्या आले. पोस्टमास्तर आले, ओळीतले आणखी दोघे-तिघे आले. तात्यांनी दगड बघितला, वई बघितली, खाली बसले आणि हात मोजला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोच हात पुन्हा मोजला. मग दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही हातभर जागा सुटलेली नव्हती.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. हे माझ्याकडे बघत होते आणि मी अबोलीकडे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं या ओळीतली. खरं बोलावं असं मी रोज फळ्यावर लिहीत होते. तोंड उघडलं असतं तर पुन्हा कोणत्या तोंडाने लिहिलं असतं, असा विचार तेव्हा मनात आला, आणि हा विचार किती लबाड आहे ते कळायला मला फार वर्षं लागली.

तात्या म्हणाले, "माजीच चूक. डोळा गेला वाटतं."

खाला एवढंच म्हणाली, "असूदे रे. म्हातारे झालो आपण." पण पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे आमच्याकडेही बघायला हवं." त्या आठवड्यात ओळीतल्या प्रत्येक घरी फितीने मोजणी झाली. सगळीकडे वई बरोबर हातभर आत निघाली. कोणी तसं तात्यांना जाऊन सांगितलं नाही. तात्यांनी आमची वई एकट्याने काढली आणि योग्य जागी पुन्हा घातली. चार दिवस लागले. या वेळी ते दुपारी आंब्याखाली आडवेही झाले नाहीत. माझी अबोली मात्र त्यांनी मुळासकट अलगद काढून आत लावून दिली.

पुढच्या दिवाळीला त्यांना कोणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोक काटेरी तार लावू लागले होते हेही खरं, पण तारेच्या आधीच तात्या बंद झाले होते.

चार-पाच वर्षांनी शाळेच्या कामाने मी महाडजवळच्या नाते गावाला गेले होते. परत येताना महाडच्या स्टँडवर बाकड्यावर तात्या बसलेले दिसले. एका डोळ्याला हिरवी पट्टी, सोबत मुलगी. मला लांबूनच ओळखलं. "बाई ना? बसा." शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, "बरं झालं, तात्या. आता नीट दिसेल."

"त्येच तर तुमाला इचारायचं हाय," ते माझ्याकडे सरकत म्हणाले. "डाक्टर बोल्ला, उजवाच खराब हाय. डावा बेस हाय, कदी बिगडलाच नाय. मी सुतळी डाव्यानंच बघायचो. मग आपली वई चुकली कशी? उभ्या जल्मात तेवडी एकच चुकली बगा. तुमी तिथंच व्हता. तुमाला काय आठवतंय?"

बाजूला मुलगी होती. ती म्हणाली, "ह्ये सारखं ह्येच बोलतात, बाई. रात न् दिस."

मी म्हटलं, "नाही, तात्या. मला काही आठवत नाही."

"आसंल," ते म्हणाले. "मोजतानाच चुकलो आसेन." आणि स्वतःचा हात कोपरापासून बोटांपर्यंत दुसऱ्या हाताने चाचपून बघत बसले. तेवढ्यात माझी गाडी लागली.

पुढे तात्या गेल्याचं मला पोस्टमास्तरांकडून कळलं. आता आमच्याकडे जांभ्या दगडाचं कुंपण आहे. गवंडी जागा फुकट जाते म्हणून हसत होता, तरी मी ते हातभर आत घालून घेतलं. खालाची पतवंडं त्या रिकाम्या पट्ट्यात गोट्या खेळतात. कोणी कारण विचारलं तर मी तात्यांची गोष्ट सांगते, त्यांचं वाक्य सांगते, लोकांना आवडतं. खुंट्यांचं मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही. ते त्यांनाच सांगायचं होतं. त्या दिवशी स्टँडवर माणूस समोर होता आणि स्वतःहून विचारत होता.