समईच्या उंचीचा टूटू

मी तशी भित्री बाई. पाल, लिफ्ट, बँकेतून येणारे फोन, सगळ्यांना घाबरते. पण खरी भीती म्हणजे नक्की काय, ते मला जळगावच्या एका मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. आणि त्याचं कारण मी माझ्याच हातांनी शिवलेलं होतं.

मी बॅले शिकवते. राहते भुसावळला, आणि आठवड्यातून तीनदा बसने जळगावला जाऊन एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा मुलींचा वर्ग घेते. पुण्यात शिकले, लग्न होऊन इकडे आले, तेव्हा सासरच्यांना वाटलं होतं की हे खूळ आपोआप जाईल. ते वाढलं. खरं सांगायचं तर नाचापेक्षाही माझा जीव टूटूत जास्त आहे. टूटू म्हणजे बॅलेचा तो जाळीचा झगा, कमरेभोवती ताठ पसरलेला. माझ्या कपाटात साड्यांपेक्षा टूटू जास्त आहेत आणि ते उलटे टांगावे लागतात, नाहीतर कड लोंबते. एकदा नशिराबादला बसमध्ये चढलेल्या एका आजोबांनी माझ्या मांडीवरचं प्रकरण न्याहाळून ही मच्छरदाणी कुठे मिळाली म्हणून विचारलं. मी त्यांना थेट जळगावपर्यंत टूटूचा इतिहास ऐकवला. उतरताना त्यांनी मला हात जोडले, बहुधा सुटलो म्हणून.

वर्गात मुली घाम पुसायला बसल्या की त्यांनाही मी हाच इतिहास सांगायचे. पूर्वी नाचणारीचा घेर पार जमिनीला टेकायचा, मग एकीने पायांची कामगिरी दिसावी म्हणून तो घोट्याच्या वर घेतला आणि केवढी ओरड झाली. मुली खुदखुदायच्या. एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. त्या काळी स्टेजवर गॅसचे उघडे दिवे असत आणि जाळीचे झगे त्यावर पेटत. कितीतरी मुली तशा गेल्या. विंगेत ओली घोंगडी तयार ठेवावी लागत. तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात झगा बुडवला तर तो सहज पेटत नाही हे तेव्हाही ठाऊक होतं, पण त्याने कापड पिवळट आणि राठ होतं, म्हणून पॅरिसच्या एका नामांकित नाचणारीने तसा झगा घालायला नकार दिला. तालमीतच तिचा झगा पेटला, आणि कित्येक महिने तळमळून ती गेली. हे वाचल्यापासून मी शेगडीजवळ ओढणीसुद्धा घेत नाही.

दुकानाच्या मालकांची नात माझ्या वर्गात होती, आठ वर्षांची. घराणं मूळचं राजस्थानचं, जळगावात तीन पिढ्यांपासून. त्यांच्या समाजाच्या स्नेहसंमेलनात तिने एकटीने तीन मिनिटं नाचायचं ठरलं. इथल्या स्टेजवर पहिल्यांदाच बॅले होणार, असं मी दिसेल त्याला सांगत सुटले होते. टूटूसाठी जाळी त्यांच्याच दुकानातली घेतली, लग्नाच्या घागऱ्याखाली लावतात ती नायलॉनची. नऊ थर, फिकट गुलाबी. शिवून झाल्यावर उरलेला एक तुकडा मी चिमट्यात धरून शेगडीवर नेला. तो आक्रसला आणि पेटता थेंब होऊन ओट्यावर पडला. नायलॉन पाणी पीत नाही, त्यामुळे तुरटीचा इथे काही उपयोग नव्हता. मी ओटा खरवडला आणि स्वतःची समजूत घातली की आता स्टेजवर विजेचे दिवे असतात.

आपल्याकडे दीपप्रज्वलनाशिवाय साधं रक्तदान शिबिरही सुरू होत नाही, आणि जन्मभर असे कार्यक्रम बघितलेली मी पॅरिसच्या गॅसला घाबरत बसले होते. शनिवारी रंगीत तालमीला गेले तर स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात पितळेची समई उभी. मी पर्समधून टेप काढली. समईची वात जमिनीपासून सव्वादोन फूट. मुलीच्या टूटूची कड अडीच फूट. माझ्या हातातून टेप सुटून सरसरत गुंडाळली गेली.

मुलीच्या आजींना सगळे अक्का म्हणत. त्या समोर खुर्च्या मांडून घेत होत्या. मी त्यांना म्हटलं, दिवा लावून झाला की समई आत नेऊया, नाचायला जागा कमी पडते. त्या हसून म्हणाल्या, "लावलेला दिवा हलवत नाहीत, बेटा. कार्यक्रम संपेपर्यंत तो तेवलाच पाहिजे."

तिथेच खरं बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर त्यांनी दिवा ठेवला असता आणि झगा काढायला लावला असता. पोर पंजाबी ड्रेसमध्येही तेवढंच छान नाचली असती, पण मला टूटू हवा होता. मी फक्त तिला बजावलं की स्टेजचा मध्य सोडायचा नाही. का, ते सांगितलं नाही. घरी आले आणि माळ्यावरची जुनी सतरंजी काढून ठेवली.

रविवारी मी विंगेत ओली सतरंजी घेऊन उभी राहिले. मांडववाल्या माणसाने पायाशी साचलेलं पाणी बघितलं आणि कुरकुरला, "ताई, बठ्ठं ओलं व्हई जाई ना." होऊ दे सगळं ओलं, म्हणत मी त्याला गप्प राहायची खूण केली.

ज्योत विझू नये म्हणून दीपप्रज्वलनाच्या वेळी बंद केलेला मोठा पंखा कुणीतरी उकडतंय म्हणून पुन्हा लावला. पाचही वाती आडव्या झाल्या, सावरल्या, पुन्हा आडव्या झाल्या. पोर आत आली. पहिलं मिनिट तिने मध्य सोडला नाही आणि मी श्वास घेतला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून ती हरखली आणि गिरक्या घेत उजवीकडे निघाली. दुसऱ्या गिरकीला तिच्यात आणि समईत दोन हात अंतर उरलं. तिसऱ्या गिरकीला जाळीची कड वाऱ्याने उचलली गेली. मी धावले आणि सतरंजी समईवर टाकली. समई आडवी झाली, तूप सांडलं, वाती चर्र करून विझल्या. गाणं चालूच होतं. टूटूला धगसुद्धा लागली नव्हती, फक्त शिंतोडे उडाले होते. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, भरल्या कार्यक्रमात दिवा विझवणाऱ्या बाईकडे.

अक्का मेकअपच्या खोलीत आल्या तेव्हा मी पोरीला पोटाशी धरून बसले होते. त्यांनी विचारलं, हे काय केलंत. मी म्हटलं, झगा पेटला असता. त्यांनी जाळीची कड चिमटीत धरून चोळली. सगळा जन्म कापडात गेलेला, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

पोर माझ्या मिठीतून सुटून समोर उभी राहिली.

"टीचर, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी हो म्हटलं.

"मग मला का घातला?"

"छान दिसतो म्हणून," मी म्हटलं.

टूटूला पाठीमागे आठ हुक होते. ते काढायला मी सवयीने हात पुढे केला, तशी ती मागे सरकली. माझ्यावरची नजर न काढता तिने आजीकडे पाठ केली आणि म्हणाली, "हुक तू काढ."