संयोगिताची ट्रॉली आणि सासऱ्याचे हात

आमच्या शेजारच्या नानासोची सून संयोगिता ट्रॉली मागं घ्यायला लागली, की मी हातातला चहा निवू देतो. गोठा आणि विहिरीच्या मधून उसानं भरलेली ट्रॉली ती अशी सरकवते, की वाटेकडेची कोंबडीही जागची हलत नाही. मागं जाताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. मला जन्मात जमलं नाही. एकदा आमचाच हौद फोडला, पण ते राहू द्या.

नानासो समोर उभा असला, की मात्र हीच पोरगी चुकते. "डावं घे. लय झालं. आगं, उजवं," असं त्याचं चालू. त्याचा हात दिसला की तिचे खांदे आखडतात. गेल्या जत्रेत ट्रॉली मागं घ्यायच्या स्पर्धेत तिनं फक्कीनं आखलेली रेघ मोडली, ती अशीच. घरी आल्यावर नानासो म्हणाला, "गर्दीत हात कापत्यात हिचं. कारखान्याला ऊस न्यायला ड्रायव्हरच ठेवतो."

यंदा ती पुन्हा उतरली. सासऱ्याला म्हणाली, "मामा, रेघ मोडली न्हाई, तर हंगामात ट्रॅक्टर माझ्याकडं."

"व्हय. पर मी सांगतो तसं घ्यायचं."

"सांगा की," म्हणाली, आणि थेट सिद्धू हलगीवाल्याच्या कानाला लागली.

तिचं नाव पुकारलं. नानासो रेघेपाशी दोन्ही हात वर करून उभा राहिला. तोंड उघडतोय तोवर सिद्धूनं शेजारीच हलगी कडाडवली. आता हलगीपुढं हात वर केलेला माणूस म्हणजे आमच्या गावात नाचणाराच. पोरांनी त्याला उचलून रिंगणात घेतलं. मीही घुसलो. गुडघ्याचं मग बघू म्हटलं.

हलगी थांबली तेव्हा ट्रॉली दोन्ही रेघांमधून सुखरूप आत गेली होती. तिचा नंबर दुसरा आला.

धापा टाकत नानासोनं मला विचारलं, "माझं ऐकलं का रं तिनं?"

"एक अक्षर न्हाई."

तो पोट धरून हसला. "मग न्हेऊ दे तिलाच ऊस."

पहिली खेप तिनं नेली, त्या दिवशी नानासो पारावर माझ्यामागं बसला होता. माझ्या हातातले पत्ते बघून प्रत्येक पानाला म्हणे, "हे नगं टाकू." मी चार डाव हरलो.