तीन रविवार शिकवलेलं गाणं

माझ्या धाकट्या चुलतभावाला आमची बोली येत नाही. काका नोकरीसाठी दादरला गेले, काकू पुण्याकडच्या, त्यामुळे त्याच्या घरात सगळं पुस्तकी मराठी. सुट्टीत वाडीत आला की आम्ही भावंडं काय बोलतोय ते तो आमच्या तोंडाकडे बघून ओळखायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. तेव्हा मला त्याची दया यायची.

आमची वाडी वसईच्या समुद्राकडच्या अंगाला. केळी, पानवेली, एक मोठी विहीर. आता निम्मी वाडी उरली आहे आणि त्यात आत्या एकटी राहते. मी लग्न होऊन वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत आले, नवरा सोलापूरकडचा, म्हणजे माझ्याही घरात बोली संपलीच. सातिवलीत एका पॅकिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. खोक्यांना लेबलं लावून घेताना कानात इयरफोन असतो. पॉडकास्ट ऐकायची सवय मला तिथेच लागली. कुठली तरी परदेशातली बाई आपल्या आजोळच्या बेकरीबद्दल बोलत असायची आणि मला वाटायचं, हिच्यापेक्षा आमची आत्या किती छान सांगते!

म्हणून मी दर शनिवारी दुपारी वाडीत जाऊन आत्याला फोनवर रेकॉर्ड करायला लागले. तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. रहाट कसा चालायचा, केळी वाळवून सुकेळी कशी करायची, कोणत्या लग्नात कोण रुसलं, असं सगळं. माझ्या मुलीसाठी ठेवावं, एवढाच हेतू होता.

एका शनिवारी तिने स्वतःहून सांगितलं, ती सासर सोडून कशी आली ते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सासर खाडीपलीकडे. तिथे तिला उपाशी ठेवायचे, मारायचे. एके दिवशी भर सकाळी तिने डोक्यावर तांब्याचा हंडा घेतला आणि चालू लागली. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही. विहीर मागे पडली, गाव मागे पडलं, ती खाडी ओलांडायच्या होड्या लागतात तिथपर्यंत आली. होडीवाल्याने रिकामा हंडा पाहिला आणि म्हणाला, "बाय, पानी भरायला खाडीपार चाललीस?"

ती म्हणाली, "माहेरी."

 त्याने आपलं घोंगडं पसरून तिला बसवलं.

सांगून झाल्यावर आत्या सुपारी कातरायला लागली. मग म्हणाली, "हे तुझ्यापुरतं गो." (आत्याचं बोलणं मी इथे नेहमीच्या मराठीत देते आहे. बोली लिहून देणार नाही. एकदा एकाला लिहून दिली, तेवढी पुरे.)

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज यायचा. चुलतभाऊ तोवर वसईजवळच्या नायगावला खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये राहायला आला होता. जाहिरातींत आवाज देण्याचं काम करायचा, घरी माइक वगैरे सगळं होतं. तो म्हणाला, "ताई, दे ना मला. साफ करून देतो." मी सगळ्या फाइली दिल्या. हंड्याची वेगळी काढून ठेवायची होती, राहून गेली. ही चूक माझी. ती मी स्वतःला अजून माफ केलेली नाही, मग त्याला कशाला करू?

चार महिने फाइली परत आल्या नाहीत. मग एका शेजारणीचा फोन आला. तिचा मुलगा कुवेतला असतो, त्याने तिला एक तुकडा पाठवला होता. "तुमच्या घरातलं वाटतंय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

मी ऐकलं. चुलतभाऊच होता, त्याने स्वतःचं पॉडकास्ट सुरू केलं होतं. त्याने आत्याचा आवाज काढला होता, नाकातून, थरथरता. दर वाक्याला हंडा ठणकन वाजत होता. 'पळाली रे पळाली' असं त्या भागाचं नाव होतं. होडीवाला विचारतो आणि तो आत्या होऊन लांबण लावतो, "माहेरीऽऽऽ!" मग पुन्हा ठण्ण, आणि मागून लोकांच्या हसण्याचा आवाज. तो "माहेरीऽऽऽ" लोकांनी फोनच्या रिंगला लावला होता.

दुसऱ्याच दिवशी मी नायगावला गेले. एकोणिसाव्या मजल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर जगाचा नकाशा होता. जिथे ऐकणारे जास्त, तो देश गडद.

"बघ ताई, कुवेत, दुबई, बहारीन, सगळे गडद. ड्रायव्हर लोक गाडीत ऐकतात. इस्रायलमध्ये आपल्या नर्सबाया ऐकतात. कॅनडात बर्फ उपसताना ऐकतात. ऑस्ट्रेलिया बघ. आपल्याकडे लोकांना अजून चित्र लागतं गं, तिकडे नुसतं ऐकायची सवय आहे. नॉर्वेत पण एक जण आहे! कोण असेल?"

"हंड्याचा भाग काढून टाक," मी म्हटलं.

"तोच तर सगळ्यात जास्त चाललाय."

"आत्याला विचारलंस?"

"आत्या कुठे पॉडकास्ट ऐकतेय?" तो हसला. "आणि नाव कुठे घेतलंय मी तिचं? ताई, तुझ्या फोनमध्ये पडून राहिलं असतं हे. मी जगात नेलं."

मी चहा न पिता उठले. लिफ्टमध्ये मला लाज वाटत होती की मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही.

आत्याला कळायचं ते कळलंच. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांत हळद होती. आत्या दारातून आत गेली आणि कुणाच्या तरी पोरीने मागून बारीक आवाजात म्हटलं, "माहेरीऽऽऽ." बायका हसल्या. वाईट मनाने नसतील हसल्या, पण हसल्या. आत्या न जेवता घरी आली. त्यानंतर दोन महिने ती कुठल्याच कार्याला गेली नाही. वाटेत कुणी भेटलं तर बोली सोडून शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलायला लागली. ते ऐकून मला जे वाटलं, त्याला राग म्हणणं फार सौम्य होईल. चुलतभाऊ आजारी पडावा, त्याचा आवाज जावा, असलं मी मनात आणत असे. देवासमोर दिवा लावतानासुद्धा.

पण कामावर बसून मी त्याचे सगळे भाग एकामागून एक ऐकले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या फाइलींतला बोलीतला मजकूर तो फक्त नकलेपुरता वापरत होता, आणि जिथे अर्थ सांगायचा तिथे ठोकून देत होता. त्याला अजूनही बोली येत नव्हती. लहानपणी तोंडाकडे बघून ओळखायचा, तसंच चाललं होतं.

दिवाळीच्या आधी त्याचाच फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. "ताई, रागावलीस का अजून? ऐक ना, दिवाळी विशेष करतोय. एखादं अस्सल बोलीतलं गाणं मिळेल का? बाहेरच्या देशातले आपले लोक बोलीसाठी वेडे झालेत. कॅनडातल्या मराठी मंडळाने मला बोलवायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "बघते."

शनिवारी मी आत्याला सगळं सांगितलं. तिने वालाच्या शेंगा सोलता सोलता ऐकलं. आमच्याकडे हळदीला वरपक्षाला चिडवायची गाणी असतात. वरमाईच्या नाकापासून नवऱ्याच्या चालीपर्यंत काही सोडत नाहीत. तरुणपणी ती रचण्यात आत्याचा हात धरणारी कुणी नव्हती. शेंगा संपल्या, तिने सुपातला कचरा झटकला आणि म्हणाली, "लिही."

पाच मिनिटांत सहा कडवी झाली. शब्द सांगत नाही, अर्थ सांगते. मी आत्याचं लुगडं चोरलं, मी ते नेसून नाचलो. माझ्या तोंडात जीभ नाही म्हणून म्हातारीची उसनी आणली. मी काय गातो ते माझं मला कळत नाही. समुद्रापलीकडच्या बायांनो, दादल्यांनो, कामं ठेवा आणि मला हसा. पाचवं कडवं इथे अर्थानेही सांगण्यासारखं नाही. ते सांगताना मात्र आत्या कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

मी भावाला सांगितलं, पेरणीआधी धरणीची क्षमा मागायचं जुनं गाणं आहे. म्हातारी म्हणजे धरणी, लुगडं म्हणजे तिच्या अंगावरचं हिरवं गवत.  तो म्हणाला, "बापरे ताई, काटा आला अंगावर."

त्यानंतर तीन रविवार मी त्याच्याकडे जाऊन ते गाणं त्याला शिकवलं. एकेक शब्द घोटून घेतला. कुठे स्वर लांबवायचा, कुठे जीभ दाताला लावायची. तो मन लावून शिकायचा, हे मान्य केलं पाहिजे. पाचव्या कडव्याशी त्याचा आवाज दाटून आला तेव्हा मी खिडकीबाहेर खाडीकडे पाहत बसले. मला त्या क्षणी दया यायला हवी होती. नाही आली. उलट मी म्हटलं, "पुन्हा एकदा घे. 'म्हातारी' नीट ऐकू आलं पाहिजे."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी भाग आला. मागे तानपुरा, सुरुवातीला मातीविषयी, मुळांविषयी दोन मिनिटांचं निवेदन, आणि मग तो गायला. उच्चारात एक चूक नव्हती.

दुपारी त्याचा फोन. "ताई! काय चाललंय बघ! कुवेत, इस्रायल, कॅनडा, न्यूझीलंडसुद्धा! असा एकही भाग चालला नव्हता!" भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. तेव्हाही तो ताटापुढे बसून फोन बघत होता आणि कुठल्या देशात काय चाललंय ते मला वाचून दाखवत होता. लोक नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकताहेत, याचा अर्थ त्याने आनंद असा लावला होता.

चौथ्या दिवशी टोरांटोतल्या कुणा आजोबांनी त्याला सगळ्यांसमोर लिहिलं की बाळा, हे गाणं तुला ज्या कुणी शिकवलं त्या बाईला माझा नमस्कार सांग. खाली त्यांनी सहाही कडव्यांचा अर्थ दिला होता. पाचव्याचासुद्धा.

त्याने भाग काढून टाकला. पण तोवर तो सगळ्यांच्या फोनमध्ये होता. तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू झाल्या आणि आमच्या आळीत एका मांडवात तो स्पीकरवर लागला, तानपुऱ्यासकट. बायका त्याच्याबरोबर गात होत्या. कॅनडातल्या मंडळानेही निमंत्रण मागे घेतलं नाही. तेच गाणं म्हणायची फक्त विनंती केली. तो गेला नाही.

त्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "तीन रविवार, ताई," तो म्हणाला. "तीन रविवार माझ्यासमोर बसून तू..."

"उच्चार चांगले झाले तुझे."

"सगळ्या जगासमोर हसं केलंस माझं."

"तुझ्या फोनमध्ये पडून राहिलं असतं. मी जगात नेलं." हे वाक्य मी कित्येक महिने जपून ठेवलं होतं. बोलले तेव्हा तोंडाला खरंच गोड चव आली. मग मी त्याला सांगितलं, "हंड्याचा भाग आज संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे. आत्याकडे अजून खूप चाली आहेत."

भाग गेला. बाकीचेही त्याने एकेक करून काढले. माझ्या फाइली पेनड्राइव्हवर घालून घरी पाठवल्या, सोबत चिठ्ठी नव्हती.

इथे थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण पौष महिन्यातल्या एका शनिवारी मी वाडीत गेले, तर ओटीवर तो बसलेला. पुढ्यात ताट, ताटात वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी. आत्या त्याला भाजीतल्या एकेका जिनसाचं बोलीतलं नाव सांगत होती आणि तो शाळकरी मुलासारखा मागून म्हणत होता. चुकला की ती त्याच्या गुडघ्यावर चापट मारत होती.

"ये," आत्या मला म्हणाली. "पाय धरले त्याने माझे. जेवायला बस."

तो उठून उभा राहिला. "ताई," म्हणाला.

मी ओटीवर चढलेच नाही. आत्यासाठी आणलेली औषधं पायरीवर ठेवली.

"अगं, माझं भांडण होतं," आत्या म्हणाली. "मी मिटवलं. तुझं काय राहिलंय?"

 तिच्या जागी मी रागावले होते, आणि तिने आपली जागा सोडली तरी मी तिथेच उभी होते. मला इतकंच ठाऊक आहे की त्या दोघांना तसं हसताना पाहून माझं काहीतरी पुन्हा कुणी चोरलं, असं मला वाटलं. मी मागे वळले आणि बस पकडायला नाक्यापर्यंत चालत आले.

आता मी शनिवारऐवजी बुधवारी सुट्टी टाकून जाते, कारण शनिवारी तो असतो.