मृदंगाचा गहू

हैबती उतेकराच्या घरात गहू खाण्यासाठी नसे, मृदंगासाठी असे. पोलादपूरच्या डोक्यावर, कशेडीच्या अंगाला, डोंगरउतारावर त्याची वाडी. तिथे पिकायची नाचणी आणि वरी, खालच्या खाचरात थोडा भात. गहू महाडच्या बाजारातून यायचा, तोही उपरण्याच्या टोकात मावेल एवढाच. त्याची बायको ठमाबाई तो जात्यावर दळायची, पीठ मातीच्या बोळक्यात भरून वर फडकं बांधायची आणि उतरंडीच्या माथ्यावर ठेवून द्यायची. होळीलासुद्धा त्या पिठाला हात लागत नसे. वाडीतले लोक म्हणत, हैबतीच्या घरी मृदंग पोळी खातो आणि माणसं भाकरी.

मृदंगाच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र दर खेपेला कणकेचा गोळा थापावा लागतो. त्यानेच आवाज खाली उतरतो आणि भरतो. या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. कणीक कमी पडली तर धूम पत्र्यासारखी बोलते, जास्त झाली तर मुकी होते. कणीकही गव्हाचीच लागते. तांदळाचं पीठ धरत नाही. नाचणीचं धरल्यासारखं करतं आणि सुकलं की तडकून गळून पडतं. हे हैबतीला बापाने शिकवलं होतं. बाप गेल्यावर मृदंग त्याच्याकडे आला आणि मृदंगाबरोबर जाखडीतली बैठक.

जाखडी म्हणजे गौरी-गणपतीतला नाच. मध्ये शाहीर आणि मृदंगवाला बसतात, पायात चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोवती गोल फिरतात. शाहिराचे शब्द नाचणाऱ्याला ऐकू आले नाहीत तरी चालतं. धूम ऐकू आली नाही तर पाय चुकतो.

तरुणपणी हैबती मुंबईला गेला होता. गिरणीत मागावर लागला. मागांच्या खडखडाटाने त्याचा उजवा कान गेला. एका गणपतीला घरी आला तो परत गेलाच नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, कान तिथं ठेवून आलोय, तो करतोय काम. त्यानंतर शेत, गुरं आणि वर्षातून एकदा मृदंग. धूम तो कानाने ऐकत नसे. मृदंग मांडीला टेकलेला असायचा, मांडीला कळायचं.

आता पन्नाशी मागे पडली होती. डावा खांदा दोन पावसाळे धरलेला. नांगर धरताना दुखायचा, मृदंगाचा पट्टा गळ्यात घालून डोंगर उतरताना त्याहून दुखायचा. या वर्षी पुरे, असं त्याला दर वर्षी वाटे. पण बैठक सोडली तर मागे राहणार होतं ते शेणगोठा आणि नांगर. त्या बैठकीवर बसलेला असला म्हणजे बाजारपेठेतले लोकसुद्धा त्याला हैबतीबुवा म्हणत. एरवी कुणी काही म्हणत नसे.

एकोणीसशे अडतीस सालच्या गणपतीत सदूने मुंबईहून कर्णा आणला.

सदू हा हैबतीचा पुतण्या. परळला गिरणीत होता आणि जाखडीचा शाहीर होता. गळा चांगला, पण चार-पाचशे माणसांत मागच्यांना शब्द कळत नाहीत, हे त्याला सलायचं. म्हणून त्याने मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळाला पटवून माईक, आवाज वाढवणारी पेटी, बॅटरी आणि पितळी कर्णा असा सगळा सरंजाम भाड्याने घेतला. तो चालवायला मुरारी आला. मुरारी मूळचा दासगावचा, तिशीचा, मुंबईत सभांना कर्णे लावणाऱ्या दुकानात कामाला. धरमतरपासून मोटारीने आणि पुढे हमालाच्या डोक्यावर बॅटरी देऊन तो पोलादपूरला पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उत्साहाचं नाव नव्हतं. सदूचं घर चाकरमान्यांनी भरलं होतं, म्हणून त्याची सोय हैबतीकडे केली.

कर्णा देवळापुढच्या आंब्याला बांधला. नाचाच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम झाली. सदू माईकपुढे तोंड नेऊन नुसता खाकरला तरी बाजारपेठेच्या टोकाची कुत्री भुंकायला लागली. लोक खूश झाले. मग हैबतीने हात टाकला. शाईचा टणत्कार कर्ण्यातून स्वच्छ निघाला. धूम मात्र निघेना. तिथे नुसती घशात कफ अडकल्यासारखी घरघर यायची आणि विरायची. कर्णा सदूला एवढा मोठा करत होता की त्याच्या बाजूला मृदंग लहान पोराच्या हातातल्या डब्यासारखा वाटू लागला.

मुरारीने माईक डावीकडे नेला, उजवीकडे नेला. हैबतीच्या पाठीमागे ठेवला. त्यावर रुमाल गुंडाळला, मग काढला. पेटीवरचं बटण पिळलं तशी कर्ण्याने शीळ घातली आणि आंब्यावरचे कावळे उडाले. मुरारी सांगेल तसा हैबती वाजवत होता. कणीक थोडी वाढवली, थोडी काढली, बोटाने दाबून पसरली. घरघर काही जाईना. दोघांनाही घाम फुटला होता आणि बघणारे आता हसू लागले होते.

शेवटी मुरारी जमिनीवर बसला. "तात्या, या कर्ण्याचा घसाच बारीक हाय. जाडा आवाज त्याला गिळवत नाय. सभेला लावायचा हा, माणसाच्या बोलण्यापुरता."

"मग मी काय करू?"

"धूम बारीक करा."

"बारीक धूम म्हंजी काय रे? बारीक हत्ती?"

हसणारे आणखी हसले. सदू हसला नाही. तो विडी पेटवून म्हणाला, "लालबागला आपल्याकडचाच एक ढोलकीवाला हाय, तात्या. ढोलकी कर्ण्यातून झ्याक येते म्हणतात. उद्या नाय जमलं तर पुढच्या वर्षी त्याला बोलवू. तुमचा खांदा पण दुखतोय."

खांद्याचं त्याने मायेने म्हटलं होतं. तेच हैबतीला जास्त लागलं.

मुरारीचा सल्ला त्याने डोक्यात घेतलाच नव्हता. धूम पोचत नाही म्हणजे कणीक आणि हात कमी पडतोय, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक होतं. घरी गेल्यावर त्याने ठमाबाईला सांगितलं, उद्या पीठ जास्त बांध. बोळकं रिकामं झालं तरी चालेल.

जेवताना मुरारीने नाचणीची भाकरी दोन घासांवर सोडली. मुंबईच्या खाणावळीने पोटाची सवय मोडली, आता नाचणी सोसत नाही, असं ओशाळून सांगितलं आणि पाणी पिऊन झोपला. ठमाबाईने ताटातली उरलेली भाकरी बराच वेळ बघितली.

सकाळी हैबती गुरांकडे गेला तोवर मुरारी सामानाची मांडामांड करायला खाली उतरलाही होता. ठमाबाईने पिठाची पुरचुंडी बांधून मृदंगाच्या पट्ट्याला अडकवून ठेवली होती. ती नवऱ्याला नजर न देता चुलीकडेच वळून बसली. तिचे गुडघे गेल्यापासून ती जाखडीला खाली येत नसे. अंगणाच्या कडेला बसून ऐकायची. तिथपर्यंत शब्द कधीच येत नसत, धूम यायची. कोणतं गाणं चाललंय, कुणाचा पाय चुकला असेल, हे ती धूमीवरून सांगायची आणि सहसा चुकत नसे.

विसर्जनाआधी, दुपारी, फेर धरायचा होता. पावसाने उघडीप दिली होती पण हवा ओली होती. हैबतीने मृदंगाची चामडी निखाऱ्यावर शेकली, लाकडी गट्टे ठोकून चामड्याच्या वाद्या ताणल्या. गड्यांनी चाळ बांधले. सदू माईकपुढे बसला. चाकरमानी, बाजारपेठेतले लोक, वाड्यावाड्यांची माणसं, सगळं मैदान भरलं होतं. हैबतीने पाण्याचा तांब्या ओढला आणि पुरचुंडी सोडली.

पीठ तांबूस होतं. नाचणीचं.

त्याने बोटांत चोळून बघितलं, जणू चोळल्याने गहू होणार होता. सदूने विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाला. बाजारपेठेत एखाद्या घरी मूठभर कणीक मिळाली असती, पण भोवती गडी उभे राहिले होते आणि कर्ण्यातून सदूचा आलाप सुटला होता. हैबतीने नाचणीचा गोळा मळला, धूमीवर थापला आणि हात टाकला.

गणाचं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्यात गोळ्याची कड सुटली. तिसऱ्यात मध्ये चीर गेली आणि प्रत्येक थापेला एकेक तुकडा त्याच्या धोतरावर पडू लागला. आवाज चढत चालला. मांडीला कळणारी ती गुंज कमी होत होत नाहीशी झाली आणि चामडं उघडं, कोरडं बोलायला लागलं. हैबतीला वाटलं, संपलं. लालबागचा ढोलकीवाला त्याला समोर दिसायला लागला.

तेवढ्यात मैदानाच्या मागच्या अंगाने आरोळी उठली. लोक ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागले. हैबतीने मान वळवून धड असलेला डावा कान कर्ण्याकडे केला. आंब्यावरून त्याचा मृदंग येत होता. टणक, सुटा, एकेक थाप वेगळी. शाई आणि धूम दोन्ही. धूम ही धूम नव्हती, पण ती पेठेच्या टोकापर्यंत जात होती. पेटीपाशी बसलेल्या मुरारीने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

पुढचा सगळा फेर हैबतीने उघड्या चामड्यावर वाजवला. हाताला धक्के बसत होते. कणीक असली म्हणजे ती थाप पोटात घेते. इथे प्रत्येक थाप मनगटातून वर खांद्यात जात होती. फेरातला जुना गडी महिपती दोनदा वाकून त्याच्या हाताकडे बघून पाऊल टाकून गेला. इतक्या वर्षांत त्याने कधी तसं बघितलं नव्हतं.

नाच संपल्यावर सदूने येऊन त्याच्या पायाला हात लावला. "काल का नाय असं लावलंत, तात्या? ढोलकीबिलकी आता कशाला? पुढच्या वर्षी तुमच्यासाठी दुसरा माईक आणतो."

महिपती चाळ सोडत होता. तो हळूच म्हणाला, "आवाज लय झाला रे. पण पायाखाली काय लागत नव्हतं."

"कान आंब्यावर टांगला, पाय कुठं टांगायचे," हैबती म्हणाला आणि धोतरावरचे नाचणीचे तुकडे झटकले. तुकडे कोंबड्यांनी टिपले.

मुरारी तारा गुंडाळत होता. हैबती निघालेला पाहून त्याने हाक मारली, आज रात्री महाडला मुक्काम आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "वैनीला सांगा, सकाळच्या पोळ्या झ्याक होत्या. मुंबईपासून पहिल्यांदा पोट भरलं. मी नको नको म्हणत होतो."

हैबतीने पुरचुंडीचं रिकामं फडकं झटकून कमरेला खोवलं. "सांगतो," म्हणाला.

चढ चढताना तो तीनदा बसला. पट्टा उजव्या खांद्यावर घेतला, परत डाव्यावर आला, कारण उजव्याची सवय नव्हती. रागवावं असं वाटलं, पण रागाला लागणारं बळ चढावातच खर्ची पडलं होतं. शिवाय राग कशाचा, हेही नीट ठरेना. गव्हाचं पीठ असतं तर त्याने गोळा दुप्पट थापला असता आणि बैठक गेली असती. बायकोने चूक केली म्हणून बैठक राहिली होती.

दिवेलागणीला घरी पोचला तेव्हा ठमाबाई अंगणाच्या कडेलाच बसलेली होती. त्याने मृदंग खुंटीला लावला. तिने पाय धुवायला पाणी दिलं आणि बराच वेळ धीर गोळा करून विचारलं, "अवो, आज तुमी बसला नव्हता?"

"मीच होतो."

"सदूचं समदं आलं कानावर. शब्दन् शब्द. मागनं काय तरी टकटक वाजत होतं. धूम नाय आली." तिने तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं, पिठापायी तुमाला उठवलं."

"नाय उठवलं. पुढच्या वर्षीपण बसायला सांगितलंय. माईक देतायत."

तिला हायसं वाटलं, पण ते तिने दाखवलं नाही. पोळ्यांचं ती आपणहून बोलली. पाहुणा उपाशी राहिला तर वाडीचं नाव जाईल, तीन पोळ्यांतच बोळकं संपलं, सांगायचा धीर झाला नाही, पुरचुंडी तर रिकामी देता येईना. हैबतीने ऐकून घेतलं. मुरारीचा निरोप दिला. मग डावा हात पाण्यात बुडवून बसला. तळवा सुजला होता.

ठमाबाईने बोळकं धुऊन उतरंडीवर पालथं घातलं. म्हणाली, "दिवाळीला महाडला जाल तेव्हा गहू आणा. पुढच्या गणपतीला किती लागंल?"

त्याने हात पाण्यातून काढला नाही.

"आणतो गो. पण मृदंगाला नको ठेवूस," हैबती म्हणाला. "पोळ्या करून टाक."