टाइम लागन म्हनते

अमरावतीत माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते, शब्दाला शब्द लावू नका. ‘पीस ऑफ केक’ ऐकून वाढदिवस शोधू नका, सोपं काम म्हणा. कोणी ‘अंडर द वेदर’ आहे म्हटलं तर आभाळाकडे पाहू नका, त्याला बरं वाटत नाही एवढंच समजा. मुलं हसतात. तो तास मला फार आवडायचा.

मागच्या हिवाळ्यात आईला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आईबाबांचा अकोटजवळ फुलांचा मळा. आईचं अर्धं आयुष्य झेंडूच्या सरीत वाकून गेलं. दुखणं अंगावर काढायची तिला सवय. लिव्हर गेलं आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी क्लास बंद ठेवून आले. बाबा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरून हलायला तयार नव्हते.

त्या सकाळी मोठे डॉक्टर आईला तपासून बाहेर आले आणि दारातच सोबतच्या डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाले, “इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम.” मग आम्हाला ‘बघू’ म्हणून पुढे निघून गेले.

बाबांनी त्यातला एक शब्द नेमका पकडला. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला.

“टाइम म्हने ना तो? म्हंजे टाइम लागन, पन बरी होईन. असंच ना?”

ते माझ्याकडेच बघत होते.

“काहून बोलून नाही राहिली?”

“तसं नाही बाबा. आता काही करता येत नाही, असं म्हने ते. आता कवाबी...”

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी सारखी करत बसले. वॉर्डात कोणाची तरी भांडी वाजत होती. बऱ्याच वेळाने ते उठले.

“तिले मी सांगतो. तू काई बोलू नको.”

आत जाऊन ते आईच्या उशाशी बसले. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“डाक्टर म्हने, टाइम लागन. पन बरी होशीन.”

आईने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं.

“लागू द्या,” ती म्हणाली. “मले कोनती घाई हाय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. बाबा तिला चमच्याने पाणी पाजत होते. पाणी ओठांच्या कडेने ओघळलं, तरी ते तिच्याच पदराने तिचं तोंड पुसून पुन्हा चमचा भरत होते. शेवटी मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली.

तेरावं झाल्यावर मी अमरावतीला परत निघाले. बाबा अकोटच्या स्टँडवर सोडायला आले. मी खिडकीशी बसले तेव्हा गजाला धरून त्यांनी विचारलं, “तिले समजलं असन काय वं?”

“मालूम नाही बाबा.”

“समजलंच असन,” ते म्हणाले. “माह्या तोंडाकडं पाहून तिले सारं समजे.”

कंडक्टरने घंटी मारली. बाबांनी गज सोडला नाही. बस हलली तसे ते चार पावलं सोबत चालले, मग मागे राहिले.