पंचाक्षरीच्या टाकीतली वाळू

तेरमध्ये ज्यांचं घर बांधून झालंय ती माणसं पंचाक्षरीला नुसतं पंचाक्षरी म्हणतात आणि ज्यांचं बांधकाम चालू आहे ती पंचाक्षरीअप्पा म्हणतात. माझं घर तो चड्डीत हिंडत होता तेव्हाच बांधून झालंय, त्यामुळं मला अप्पा म्हणायची सक्ती नाही.

त्याचा बाप भला माणूस होता. गूळ-शेंगदाण्याचं दुकान, कपाळाला विभूती, तोंडात गोड बोलणं. पोरगा निघाला तो असा. गावात पहिला मोबाईल ह्यानं घेतला, तेव्हा इथं रेंज नव्हती. तरी एसटीच्या स्टँडवर उभा राहून "हॅलो, हॅलो" करायचा आणि मध्येच खो खो हसायचा. पुढं पोट सुटलं म्हणून घरात पळायचं मशीन आणलं. त्यावर तो चार दिवस पळाला. आता त्यावर त्याची बायको महेश्वरी कुरडया वाळवते.

मग त्यानं खडीचा क्रशर टाकला. दगड भरडून वाळू करून विकायची. तेव्हापासून तेरणेच्या वाळूवर त्याचा असा राग, की जसं काही नदीनं याच्या घरात चोरी केली. कुणी गिऱ्हाईक आलं की सुरू, "नदीची वाळू? आवो, ती वाळू न्हाय, माती हाय माती! म्हशी बसत्यात तिच्यात. माझ्या वाळूचा कण बघा, कसा टोकदार. शिमिटाला मिठी मारतो." निम्म्या गावानं त्याच्या या मिठीवर भिंती उभ्या केल्या.

आता मूळ गोष्ट. दर श्रावणात एका सोमवारी मठाचे स्वामी आमच्या गावात येतात. त्या दिवशी समाजातल्या एकाच घरी त्यांची पाद्यपूजा होते. घरधनी अंघोळ करून, उपाशी पोटी स्वामींचे पाय धुतो आणि ते पादोदक, म्हणजे तीर्थ, तो आपल्या हातानं सगळ्यांना देतो. वीस वर्षं हा मान तुरीचा आडत्या नागप्पा याच्याकडं. नागप्पाही काही संत नाही, पण पाय मात्र भक्तीनं धुतो. पंचाक्षरीच्या पोटात हे वीस वर्षं दुखत होतं. यंदा त्यानं मठाच्या कंपाउंडला खडी दिली, चार जणांकडून शब्द टाकवला आणि पाद्यपूजा आपल्या नव्या बंगल्यात ओढून आणली.

एवढ्यानं दुसऱ्याचं समाधान झालं असतं. याला वाटलं, पूजा अशी झाली पाहिजे की पुन्हा नागप्पाचं नावच निघू नये. सोलापूरला एका डॉक्टरच्या हॉलमध्ये त्यानं एकदा रात्री काचेची टाकी बघितली होती. आत हिरवं जंगल, आडवं पडलेलं लाकूड आणि वाळूत तोंड खुपसून फिरणारे बारीक मासे. ठरलं. स्वामींचं आसन असल्या टाकीपुढंच मांडायचं.

सोलापूरहून तीन फुटी टाकी आली, दिवे आले, पिशव्यांतून झाडं आली. मासे बारा. लोच म्हणतात त्यांना. करंगळीएवढे लांब, सुतळीएवढे जाड, पिवळ्या अंगावर काळे पट्टे आणि तोंडाला इवल्या इवल्या मिशा. पंचाक्षरीनं एका दुपारात सगळं उरकलं. तळाला स्वतःच्या क्रशरची वाळू घमेल्यानं ओतली, झाडं कांद्याच्या रोपासारखी दाबून लावली, बोअरचं पाणी सोडलं आणि संध्याकाळच्या आत मासे टाकून मोकळा.

आठ दिवसांत दोन मेले. उरलेले दहा काचेच्या कोपऱ्यात गोळा होऊन वर-खाली करत बसले. तेव्हा त्यानं शेजारच्या हर्षालीला हाक मारली. ही पोरगी धाराशिवच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि हिच्या घरी स्वतःच्या चार टाक्या आहेत. तिनं वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अप्पा, यांच्या मिशा झिजल्यात. हे मासे वाळूत तोंड घालून खातात, वाळूत अंग पुरून घेतात. तुम्ही त्यांना काचेच्या चुऱ्यावर सोडलंय."

"ए बाई, माझी वाळू पुलाच्या कामाला चालती. माशाला चालत न्हाय व्हय?"

"पुलाला मिशा नसतात, अप्पा. यांना नदीची बारीक, गोल कणाची वाळू लागते."

नदीची वाळू! याच्या तोंडावर असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. पण पूजा पंधरा दिवसांवर आली होती आणि टाकीत रोज एक मासा उलटा तरंगेल अशी लक्षणं होती.

"आणि खायला काय घालता?"

"पालक. उकडून."

"त्यांना किडे लागतात. बारीक अळ्या."

हे आतून त्याच्या आईनं, रुद्रम्मानं ऐकलं. "अव्वा" म्हणतात सगळे तिला. ती तिथनंच ओरडली, "किडं? माझ्या फ्रीजात किडं ठिवलंस तर म्या मठात जाऊन ऱ्हाईन!" मग हर्षालीनं तोड काढली. डबीतल्या गोळ्या मिळतात, त्या चालतील. गोळ्यांत काय असतं ते अव्वानं विचारलं नाही, आणि हर्षालीनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, माणसं जेवून आडवी झाल्यावर, पंचाक्षरी गाडीत घमेलं, दोन पोती आणि महेश्वरीची पिठाची चाळणी घालून तेरणेवर गेला. ज्या नदीला वीस गावांत शिव्या घातल्या, तिच्या पात्रात उकिडवा बसून वाळू चाळत होता. मला हे महेश्वरीनंच सांगितलं. तिचं दुःख चाळणीचं होतं. "कुणाला सांगू नका हं, दादा," असंही म्हणाली. म्हणून मी फक्त नागप्पाला सांगितलं.

टाकी मग हर्षालीनं नव्यानं लावली, ती बघण्यासारखी होती. वाळू दहा पाण्यांनी धुतली. मऊ, कमी क्षाराचं पाणी पाहिजे म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळलं. नेच्याचं झाड वाळूत न दाबता दोऱ्यानं लाकडाला बांधलं. अर्धी करवंटी पालथी घातली, मासे उडी मारून बाहेर पडतात म्हणून ढक्कनाच्या फटी बुजवल्या. तिच्या घरच्या टाकीतल्या फिल्टरचा जुना स्पंज विरजणासारखा आणून बसवला, कारण तिच्या म्हणण्यानं टाकी मुरावी लागते. मासे सोडले तसे दहाच्या दहा सर्रकन वाळूत घुसले आणि दिसेनासे झाले.

"झकास! आता सुखात आहेत," हर्षाली म्हणाली.

"पर दिसंनात की."

"दिवसा नाही दिसत. अंधार झाला की निघतात."

"म्हंजे आजारी हुते तवा दिसत हुते, आन बरे झाल्यावर गायब? मग सामी काय बघणार?"

"झाडं बघतील."

सोमवार उजाडला. हॉल गच्च भरलेला. पंचाक्षरी रेशमी धोतरात, उघड्या दंडांवर विभूतीचे पट्टे ओढून, वरातीच्या घोड्यासारखा मिरवत होता. पुढच्या रांगेत नागप्पा मांडी घालून बसला होता, अंघोळ करून, उपाशी, चेहरा कोरा. स्वामी आले, आसनावर बसले. त्यांना बाराला धाराशिवात पोचायचं होतं. त्यांची नजर टाकीकडं गेली.

"काय पाळलंय?"

"मासे, स्वामीजी! बारीक जात हाय. परदेशी."

स्वामी वाकले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "कुठं हायेत?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. नागप्पा हळूच म्हणाला, "इरघळले आसतील पाण्यात."

झालं, याचं डोकं फिरलं. हर्षाली "अप्पा, नको" म्हणेपर्यंत यानं ढक्कन उचलून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि वाळू ढवळायला लागला. दंडावरची विभूती सुटून पाणी दुधाळ झालं. झाडं उपटली गेली. दोन-तीन मासे विजेसारखे चमकले आणि करवंटीखाली गेले. हातात आली ती मूठभर वाळू.

स्वामींनी सहज विचारलं, "वाळू सुंदर हाय. कुठली?"

"माझ्याच क्रशरची, स्वामीजी!" सवय हो, दुसरं काय. तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं. आणि दाखवायला म्हणून मूठ उघडली.

नागप्पा उठला. तुरीचा दाणा पारखायची वीस वर्षांची सवय. वाळूतून त्यानं दोन बोटांनी एक बारका शंख उचलला, तुरीएवढा, आणि स्वामींपुढं धरला.

"पंचाक्षरीअप्पा, दगड भरडून शंख कवापासनं निघाया लागले?"

हॉलमध्ये ज्यांच्या भिंती त्या टोकदार वाळूवर उभ्या होत्या, ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले. स्वामी हसले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं.

"चला स्वामीजी, पाद्यपूजा," पंचाक्षरी घाईघाईनं तांब्याकडं वळला. तेवढ्यात अव्वा कडाडली, "थांब रं! किडं खाणाऱ्या माशाच्या पाण्यात बगलंपतूर हात घातलास! तसाच सामींच्या पायाला लावतूस? आंघुळ करून ये आधी!"

आईपुढं आणि समाजापुढं काय बोलणार? न्हाणीकडं पळाला. बंगल्यात न्हाण्या तीन, पण धोतर रेशमी. सोडून, अंग धुऊन, पुन्हा ओलेत्यानं नेसायचं म्हणजे वेळ लागतोच. इकडं स्वामींचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. स्वामींनी रांगेकडं बघून विचारलं, "अंघोळ करून, उपाशी कोण हाय?"

पंचाक्षरी डोक्यावरून पाणी निथळत बाहेर आला तेव्हा पाय धुऊन झाले होते, पुसूनही झाले होते, आणि स्वामी चपला घालत होते. त्याच्याच चांदीच्या तांब्यातलं तीर्थ घेऊन नागप्पा रांगेत सगळ्यांना देत फिरत होता. फिरत फिरत तो याच्यापुढं आला, पळी भरली आणि मायेनं म्हणाला,

"हात पुढं करा अप्पा. लाजू नका, आपलंच घर समजा."